डोंगर कापतायत, व्हिडिओ टाकला, पुढे काय?

डिचोलीकर:
मंडळी, आमच्या वाड्यामागचा डोंगर कापायला घेतलाय, तीन आठवडे जेसीबी चालू. ग्रामसभेत ओरडून झालं, निवेदन देऊन झालं, कोणी ढुंकून बघत नाही. भाचा म्हणतो मामा रील टाक, मोले अभयारण्य वाचवायचं आंदोलन बघ कसं जगभर गेलं. टाकली. 212 व्ह्यूज, त्यात निम्मे आमचेच पाहुणे 😅 मोलेवाल्यांनी नेमकं काय वेगळं केलं?

फोंड्याची वैनी:
अरे, तेव्हा लॉकडाऊन होता. एप्रिल 2020 मध्ये सगळे घरात कोंडलेले आणि तिकडे राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या समितीने मोलेच्या जंगलातल्या काही प्रकल्पांना व्हिडिओ कॉन्फरन्सवर मंजुऱ्या दिल्या. रस्त्यावर उतरता येईना म्हणून पोरांनी चित्रं काढून इन्स्टावर टाकली, गवे, फुलपाखरं, काय काय. रेल्वे दुपदरीकरण, 400 केव्हीची विजेची लाइन, चौपदरी हायवे हे वाचून माणसाला झोप येते, पण चित्र कोणीही पुढे पाठवतो ना. मग 1 नोव्हेंबरच्या रात्री चांदरला रुळांजवळ मेणबत्त्या घेऊन एवढी माणसं जमली, तो फोटो मला कुवेतच्या आतेभावाने पाठवला, मी इथे फोंड्यात असून!

खाजनकाठ:
ते सगळं ठीक, पण लाइकनी जेसीबी थांबत नाही. दुपदरीकरणाची मंजुरी रद्द केली ती सुप्रीम कोर्टाने, मे 2022 मध्ये, कागद बघून. गायिका रिहानाने शेतकरी आंदोलनावर ट्वीट केलं फेब्रुवारी 2021 मध्ये, जगभर गाजलं, आपल्याकडे लगेच 'परदेशी हात' सुरू, आणि शेती कायदे मागे घ्यायची घोषणा झाली नोव्हेंबरात, तोवर लोक थंडी-उन्हात दिल्लीच्या सीमेवर बसूनच होते. आणि मेळावली विसरलात? तिथे होणाऱ्या आयआयटीविरुद्ध सत्तरी तालुक्यातल्या बायका उभ्या राहिल्या, जानेवारी 2021 मध्ये सरकारला तिथून माघार घ्यावी लागली. लंडनमध्ये किती जणांना मेळावली माहीत आहे?

सांजवात:
इतकंही मोडीत काढू नका हो. इजिप्तमध्ये 2011 च्या जानेवारीत आंदोलन पेटल्यावर सरकारने अख्खं इंटरनेट बंद केलं, ते काय उगाच? (लोक तरीही रस्त्यावर आलेच म्हणा.)
डिचोलीकर, तू रीलच्या मागे लागू नको, रोज एकाच जागेवरून फोटो काढ, एखादं झाड फ्रेममध्ये ठेव म्हणजे डोंगर किती खाल्ला ते दिसतं. मूळ फाइल जपून ठेव, व्हॉट्सअपवरून फिरलेल्या फोटोतून काढल्याची तारीख-जागा गळून जाते, मग वकील डोक्याला हात लावतो. सर्व्हे नंबर लिही. कॅप्शन मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीत, बाहेरचा पत्रकार तेवढंच वाचणार.

डिचोलीकर:
झाड म्हणजे एक फणस होता, तो परवाच आडवा केला. आता घुमटीच्या पायरीवरून काढतो, ती तरी राहील. इंग्रजीचं भाच्याकडे दिलंय.