मदत हवी आहे: टीसीपी-आयपी नसलेल्या जुन्या एससीओ युनिक्सवरून डेटा बाहेर कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या कार्यालयात एक ४८६ संगणक अजून रोज कामात आहे. त्यावर एससीओ युनिक्स ३.२, आवृत्ती ४.२ ही ऑपरेटिंग सिस्टम, आणि हिशेबाची प्रणाली फॉक्सबेस प्लस या डेटाबेसमधली. मल्टिपोर्ट सिरियल कार्डाला टर्मिनलं (नुसते पडदा आणि कीबोर्ड) जोडलेली आहेत, त्यांवर दिवसभर नोंदी होतात. प्रणालीबद्दल काही तक्रार नाही, माणसांचा तिच्यावर हात बसलेला आहे. काळजी आहे ती हार्ड डिस्कची. तिचा आवाज हल्ली बदललाय, टेप ड्राइव्ह बंद पडलाय, आणि सगळ्या जुन्या खातेवह्या फक्त तिच्यावरच आहेत.

या युनिक्सच्या मूळ संचात टीसीपी-आयपी, म्हणजे नेटवर्कवरून बोलण्याची व्यवस्था, नसे, ते वेगळं विकत घ्यावं लागे. आमच्याकडे ते कधी आलंच नाही. त्यामुळे आयसा स्लॉटमध्ये एनई२००० नेटवर्क कार्ड बसवलं तरी ते वापरणारं वर कुणी नाही: एफटीपी नाही, टेलनेट नाही, एनएफएस नाही. सोर्स कोड आणून एखादा प्रोग्राम बांधावा म्हटलं तर कंपायलरही वेगळा मिळायचा, तोही नाही. यूएसबीचा तर प्रश्नच येत नाही.

फ्लॉपी ड्राइव्ह चालतो. पण फॉक्सबेसच्या डेटाच्या, म्हणजे डीबीएफ, फायली मिळून साधारण ४० एमबी आहेत, म्हणजे १.४४ एमबीच्या २८ फ्लॉप्या, आणि मधली एक जरी वाचता आली नाही तरी टार आज्ञेने लिहिलेली फ्लॉप्यांची साखळी तिथेच तुटणार.

सिरियल पोर्टवरून पीपीपी (वायरीवरूनच नेटवर्क जोडणं) जमेल का? की डिस्क काढून सरळ लिनक्सच्या यंत्राला लावावी? आणि फायली बाहेर आल्या तर आजच्या संगणकावर उघडतील ना?

प्रतिसाद १

डिस्क काढू नका. संगणक बंदही करू नका, निदान डेटा बाहेर येईपर्यंत तरी. वर्षानुवर्षं फिरत राहिलेली डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं नसतं. शिवाय एससीओ एकाच पार्टिशनच्या पोटात डिव्ही या आज्ञेने आणखी विभाग पाडतं. लिनक्सला ते आपोआप दिसत नाहीत, प्रत्येक विभाग डिस्कवर कुठून सुरू होतो तो ऑफसेट हाताने शोधत बसावं लागतं. बायोसची बॅटरी जुनी असणार, ती संपली की डिस्कची मापं पुसली जातात, म्हणून डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर आजच कागदावर उतरवून ठेवा.

पीपीपी नाही जमणार, तेही टीसीपी-आयपीच्या संचातच येतं. पण यूयूसीपी, म्हणजे युनिक्स यंत्रांमध्ये फायली पाठवायची जुनी सोय, पाहिलंत का? ते युनिक्सबरोबरच येतं, आणि लिनक्सवर त्याचाच टेलर यूयूसीपी हा अवतार मिळतो. त्याचा 'जी' प्रोटोकॉल डेटाचं प्रत्येक पाकीट तपासतो, बिघडलेलं पुन्हा मागवतो. जुन्या बाजूला नवीन काहीच टाकावं लागत नाही, तुमच्या परिस्थितीत हीच सगळ्यात मोठी सोय आहे.

नल मोडेम केबल (दोन संगणक थेट जोडणारी सिरियल वायर) घ्या. एससीओवर टीटीवाय१ए हे पहिलं सिरियल पोर्ट दोन नावांनी दिसतं. शेवटचं अक्षर लहान असेल तर मोडेम कंट्रोल नाही, मोठं असेल तर आहे. तुम्हाला लहान हवं. त्यावर 'इनेबल' आज्ञेने लॉगिन चालू ठेवा, यूयूसीपीसाठी वेगळं खातं उघडा आणि जोडणी लिनक्सकडून सुरू करा.

९६०० बॉडला सेकंदाला ९६० बाइट जातात, म्हणजे ४० एमबीला साडेअकरा तासांच्या वर. एकेक फाइल आधी कॉम्प्रेस करा. डीबीएफमध्ये रिकाम्या जागा भरपूर असतात, त्यामुळे ती चांगलीच आकसते. पुढे लिनक्सवरचं जीझिप ती उघडतं. सिरियल चिप १६५५० असेल तर ३८४०० लावून पाहा. ८२५० किंवा १६४५० मध्ये बफर नसतो, तिथे ९६०० वरच थांबलेलं बरं. काम संध्याकाळी, सगळ्यांनी फॉक्सबेस बंद केल्यावरच सुरू करा. पोचल्यावर दोन्हीकडे फायलींची तपास-बेरीज काढणाऱ्या 'सम' आज्ञेला आर पर्याय देऊन आकडे जुळवा.

प्रतिसाद २

डीबीएफ लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडते. इंडेक्स फायली आणायची गरज नाही, पण मेमो फील्ड (लांब मजकुराचे रकाने) असतील तर डीबीटी फायली विसरू नका. तारखा मात्र नीट बघा. डीबीएफमध्ये तारीख आठ अंकांत, पूर्ण वर्षासकट साठते, पण प्रणालीत वर्षाचे दोनच अंक भरले जात असतील तर २००० नंतरच्या नोंदी १९०० च्या शतकात जाऊन बसलेल्या असू शकतात. एकूण बेरीज जुळली म्हणून ही चूक दिसणार नाही, वर्षवार बेरीज करा.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. यूयूसीपी खरंच बसवलेलं आहे! पहिल्या पोर्टवर प्रिंटर आहे, तो मल्टिपोर्टवर हलवतो. एक शंका: डेटा हलवल्यावरही काही काळ लोकांना जुन्या प्रणालीत बघावं लागेल, आणि दोन टर्मिनलांचे पडदे अंधूक झालेत. त्यांच्या जागी नवे संगणक लावता येतील का?

प्रतिसाद १

येतील. त्या दोन सिरियल वायरी लिनक्सच्या यंत्रात घ्या आणि तिथे सर-टू-नेट (सिरियल पोर्ट नेटवर्कवर आणणारा प्रोग्राम) चालवा. नव्या संगणकांवरून टेलनेटने त्या पोर्टवर जाता येतं, आणि युनिक्सला समोर टर्मिनलच आहे असं वाटतं. टर्मिनलचा प्रकार आत्ता आहे तोच ठेवा, नाहीतर फॉक्सबेसच्या फंक्शन की चालणार नाहीत. ते पोर्ट कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कपुरतंच उघडं ठेवा, टेलनेटवर पासवर्ड उघडाच जातो.