हसता हसता दचकवणारी छोटी नाटके : आपला अनुभव लिहा

छोट्या विनोदी आणि भुताटकीच्या नाटकांविषयी बोलणे निघाले की बहुतेक जण कथानक सांगतात, शेवटचा धक्का सांगतात आणि तिथेच थांबतात. पण आपण नेमके कुठे हसलो, कुठे दचकलो आणि हे दोन्ही एकाच नाटकात कसे जमले, हे सांगायचे राहूनच जाते. हा धागा त्यासाठी काढला आहे. आपण प्रेक्षक असाल, अभिनय करत असाल, पडद्यामागे काम केले असेल किंवा संहिता लिहिली असेल, तरी एखाद्या प्रयोगातली एकच जागा निवडावी आणि तिथे रंगमंचावर काय घडले व प्रेक्षागृहात काय झाले, हे सविस्तर लिहावे. शेवट फोडला तरी कोणी रागावणार नाही, कारण ही नाटके कशी बांधलेली असतात हे शेवट सांगितल्याशिवाय समजावताच येत नाही.

सुरुवात माझ्यापासून करते. मी पाहिलेल्या एका एकांकिकेत दोन भाऊ जुन्या घराची वाटणी करायला बसलेले असतात. खोलीत तीन खुर्च्या आहेत आणि तिसरीवर त्यांचे मामा. धाकट्याने एखादा आकडा उच्चारला की मामा खोचक शेरा मारतात, थोरल्याने कपाळाला हात लावला की आणखी एक मारतात, आणि प्रत्येक शेऱ्याला हशा पिकतो. भाऊ मामांना उत्तर देत नाहीत, पण घरातल्या कटकट्या म्हाताऱ्याचे बोलणे कानाआड करण्याची रीत सर्वांच्या ओळखीची असल्यामुळे त्यात कोणाला काही खटकत नाही. मग खोलीतला दिवा जातो आणि खिडकीतून येणारा निळसर उजेड तेवढा उरतो. बल्ब बदलायला चढावे म्हणून धाकटा तिसरी खुर्ची ओढतो, आणि मामा निमूटपणे उठून बाजूला उभे राहतात. इतका वेळ ज्यांच्या तोंडाला खळ नव्हता, ते मामा त्या वेळी चकार शब्द काढत नाहीत. प्रेक्षागृहातला हशा अर्ध्यातच तुटला आणि माझ्या मागच्या रांगेतून “अगं बाई!” असा आवाज आला.

या प्रसंगात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो लेखकाचा प्रामाणिकपणा. मामा हयात नाहीत याचे सगळे पुरावे पहिल्या मिनिटापासून समोर मांडलेले होते. दारावर थाप पडली तेव्हा त्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते, कागदपत्रांच्या प्रती दोनच होत्या आणि वाटणीत त्यांचे नावही आले नव्हते. मात्र यातल्या प्रत्येक पुराव्याच्या वेळी आपण हसत होतो, आणि हसणारा माणूस तपासत बसत नाही. म्हणजे विनोदच भीतीची पूर्वतयारी करत होता. नंतर जेव्हा कळते, तेव्हा आपण कोणकोणत्या वाक्यांना हसलो होतो हे एकामागून एक आठवू लागते, आणि ते आठवणे हाच त्या नाटकाचा खरा आनंद आहे.

भुताची भूमिका केलेली अभिनेत्री

पहिल्या वाचनानंतर आमच्या दिग्दर्शकांनी मला एकच प्रश्न विचारला होता, “हिला हवे काय आहे?” सूड, मुक्ती, अपुरे प्रेम अशी सगळी मोठी उत्तरे त्यांनी बाजूला ठेवायला लावली. शेवटी असे ठरले की तिला तिचा चष्मा हवा आहे, कारण तिच्या नावाने आलेले एक पत्र वाचायचे राहून गेले आहे. तिथून भूमिका उलगडत गेली. मी आवाज घोगरा केला नाही, हात पसरून तरंगत चालले नाही. चष्मा शोधणारी बाई जशी उशी उचलून पाहते, कागद बाजूला सारते आणि पुन्हा त्याच जागी येऊन शोधते, तशी वावरले. प्रेक्षक तिच्या चिकाटीला हसायचे, आणि ती उशी घरातल्या माणसाला अधांतरी दिसते आहे हे माझ्या सहकलाकाराच्या चेहऱ्यावरून कळले की अंगावर काटा यायचा.

भूत घडवतो तो घाबरणारा नट, असे माझे ठाम मत आहे. डोळे विस्फारणे आणि किंचाळणे कोणालाही येते. आमचा सहकलाकार उशी हवेत पाहिल्यावर आपले चालू वाक्य तोडत नसे. तो ते पूर्ण करायचा, फक्त प्रत्येक शब्दागणिक आवाज खाली जायचा, कारण वाक्य थांबले तर समोरचे खरे मानावे लागेल, अशी त्या पात्राची समजूत होती. त्या जागेला प्रत्येक प्रयोगात आधी हशा यायचा आणि तो संपण्यापूर्वीच शांतता पसरायची.

हशा उसळून ओसरू लागला की पुढचे वाक्य घ्यायचे, हे प्रत्येक विनोदी नटाला शिकवले जाते. माणसाची भूमिका करताना त्या मधल्या काळात थांबण्यासाठी काही निमित्त शोधावे लागते, पण भुताला निमित्त लागत नाही, त्याच्याकडे वेळच वेळ असतो. मी पापणीही न लवता नुसती उभी राहायचे आणि हशा पूर्ण विरल्यावर एक श्वास अधिक थांबायचे. त्या एका श्वासात प्रेक्षागृहाचा नूर बदलतो, आणि हे रंगमंचावर उभे राहून अनुभवणे फार विलक्षण असते.

प्रकाशयोजना करणारा

अंधार ही भीतीची सोपी युक्ती आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात नाट्यगृहात पूर्ण काळोख मिळतच नाही, कारण बाहेर पडण्याच्या दारांवरचे दिवे सुरक्षेसाठी चालू ठेवावेच लागतात. म्हणून अंधार करण्यापेक्षा प्रेक्षकांच्या डोळ्यांना काही क्षण दिसू न देणे, हे आमचे खरे काम असते. माणसाचा डोळा अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे घेतो. त्यामुळे ब्लॅकआउटच्या आधी मी रंगमंच हळूहळू जास्त उजळवत नेतो, इतका सावकाश की ते कोणाच्या लक्षात येऊ नये, आणि विनोद टिपेला पोचला, सगळे मोकळेपणाने हसू लागले की प्रकाश एकदम तोडतो. त्यानंतरच्या काही सेकंदांत नट चार पावले चालून हव्या त्या जागी येतो आणि दिवे लागतात तेव्हा तो “प्रकट” झालेला असतो.

रंगांचाही उपयोग होतो. मंद उजेडात डोळ्याला निळे आणि हिरवे रंग तुलनेने उजळ दिसतात, तर तांबडे काळपट होत जातात. भर प्रकाशात गडद लाल शाल पांघरलेली, सर्वांना हसवणारी आजी मंद निळ्या प्रकाशात आली की शाल जवळजवळ काळी पडते आणि पांढरे केस व चेहरा तेवढा उरतो. वेशभूषा बदललेली नसते, अभिनयही तोच असतो, पण प्रेक्षक आता हसायला धजत नाहीत. वेशभूषा करणाऱ्यांनी आणि प्रकाशयोजनाकाराने तालमींच्या सुरुवातीलाच एकत्र बसावे, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

१८६२ साली लंडनमध्ये रंगमंचावर तिरपी काच लावून भूत दाखवण्याचा प्रयोग गाजला, तो पुढे सादरकर्ते जॉन हेन्री पेपर यांच्या नावावरून “पेपरचे भूत” या नावाने ओळखला जाऊ लागला. प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खालच्या जागेत उभ्या असलेल्या नटावर झगझगीत प्रकाश टाकला की त्याचे प्रतिबिंब काचेत पडायचे आणि रंगमंचावर पारदर्शक आकृती उभी राहायची. या युक्तीतला मला सर्वांत आवडणारा भाग असा की रंगमंचावरच्या नटाला ते भूत दिसतच नसे. ठरवून ठेवलेल्या जागांच्या आधारे त्याला रिकाम्या हवेशी लढावे लागे. तंत्र कितीही चांगले असले तरी अखेर भार पडतो तो पाहणाऱ्या नटावरच, या वर आलेल्या मताला त्यातून दुजोरा मिळतो.

पार्श्वध्वनी सांभाळणारी

माझा अनुभव थोडक्यात सांगते. किंचाळ्या, वारा आणि कुत्र्यांचे रडणे यांच्यापेक्षा चालू असलेला आवाज थांबणे अधिक परिणाम करते. पहिल्या प्रवेशापासून घड्याळाची टिकटिक अगदी हलकी ठेवावी, लोक तिला विसरून जातील, आणि ऐन हसण्याच्या जागेनंतर ती बंद करावी. काय बदलले हे कोणालाही सांगता येत नाही, पण माना वळतात. दुसरे म्हणजे दारावरची थाप विंगेतून प्रत्यक्ष लाकडावर मारावी. ध्वनिवर्धकातून आलेली थाप कानाला लगेच ओळखू येते आणि मग ते दार खरे वाटत नाही.

संहिता लिहिणारा

भुताला एखादी साधी पण ठोस इच्छा हवी, हे अभिनेत्रीचे म्हणणे मला पटते. माझी थोडी भर अशी की त्याला एक नियमही हवा आणि तो लेखकाने शेवटपर्यंत पाळायला हवा. माझ्या एका एकांकिकेतले भूत दिसत नाही, फक्त आवाज येतो, आणि विचारलेल्या प्रश्नाचेच ते उत्तर देते. घरातली मंडळी घाबरून वाटेल ते विचारत सुटतात. “कोण आहे?” “मी.” “मी म्हणजे कोण?” “तुम्ही म्हणजे या घराचे भाडेकरू.” भूत कोणाची थट्टा करत नाही, ते नियमाप्रमाणे वागते, आणि म्हणूनच लोक खळखळून हसतात. वीस मिनिटे हा खेळ चालल्यावर घरातली लहान मुलगी विचारते, “तू इथे एकटाच आहेस का?” भूत म्हणते, “नाही.” नाटक तिथे संपते. ज्या नियमाने इतका वेळ हसवले तोच नियम शेवटी घाबरवतो. बाहेरून काहीही आणावे लागत नाही.

हे दोन अंकी नाटकात करता आले नसते असे मला वाटते. मध्यंतर झाले की प्रेक्षक भुताचा इतिहास मागतात, तो मागण्याचा त्यांना हक्कच असतो, आणि एकदा का तो कोण होता, कसा मेला, कोणी फसवले याचा हिशेब लागला की भीती उरत नाही. अर्ध्या-पाऊण तासाच्या नाटकाला हा हिशेब द्यावा लागत नाही. “नाही” या उत्तरानंतर कोणी स्पष्टीकरण मागत नाही, कारण विचारायला समोर कोणी उरलेलेच नसते.

हसू आणि भय वेगवेगळ्या नाटकांत ठेवून एकाच बैठकीत दाखवण्याची परंपराही मोठी आहे. जपानमध्ये ‘नो’ या पारंपरिक, गंभीर प्रकारच्या नाटकांच्या मधे क्योगेन ही प्रहसने होतात. नो नाटकांत मृतात्मे वारंवार येतात आणि क्योगेनमध्ये धूर्त नोकर आणि फसणारे मालक असतात, रंगमंच मात्र तोच. पॅरिसमध्ये १८९७ साली सुरू झालेल्या आणि १९६२ साली बंद पडलेल्या ग्राँ गिन्योल या नाट्यगृहात एकाच रात्री छोटी भयनाट्ये आणि छोटी प्रहसने आलटून पालटून होत. जागा ३०० आसनांहूनही लहान, पूर्वीच्या प्रार्थनागृहाची, त्यामुळे शेवटच्या रांगेतला माणूसही फार दूर नसे. मला वैयक्तिकरीत्या दोन्ही रस एका नाटकात एकजीव झालेले अधिक भावतात, पण त्या नाट्यगृहाच्या रचनेतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : लागोपाठ दिलेले भय बोथट होते, आणि मधे मनसोक्त हसलेला प्रेक्षक पुन्हा घाबरायला ताजा होतो.

शाळेतल्या मुलांची नाटके बसवणारी शिक्षिका

लहान प्रेक्षकांसमोर हे सगळे आणखी उघडपणे दिसते. भूत पात्राच्या पाठीमागे आले की मुले गप्प बसत नाहीत, “मागे बघ, मागे!” असे ओरडतात. मोठी माणसे त्यांना गप्प करू लागतात, पण मी संहितेतच त्या ओरडण्यासाठी जागा ठेवते. पात्र मागे वळते, भूतही त्याच्यासोबत वळते, आणि मुलांचा जीव कासावीस होतो. ती हसतही असतात आणि पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरूनही असतात. आपल्याला माहीत आहे आणि त्या बिचाऱ्याला माहीत नाही, यातली मजा त्यांना कोणी शिकवावी लागत नाही.

दोनदा पाहणारा प्रेक्षक

वर उल्लेख आलेले मामांचे नाटक मीही पाहिले आहे, आणि पुढे पुन्हा एकदा पाहिले. दुसऱ्या वेळी खुर्चीच्या प्रसंगाला मी दचकलो नाही, पण हसण्याच्या जागा सरकल्या होत्या. पहिल्यांदा मामांच्या शेऱ्यांवर हसलो होतो. या वेळी थोरला भाऊ एका शेऱ्यानंतर क्षणभर लेखणी थांबवतो, मान तिरकी करतो आणि पुन्हा लिहू लागतो, हे दिसले. त्याला काहीतरी ऐकू येत होते का? नटाने ती मान फारच थोडी हलवली होती आणि संहितेत त्याबद्दल एकही वाक्य नाही. शेजारी बसलेली माझी बहीण नाटक पहिल्यांदाच पाहत होती आणि त्याच शेऱ्याला खदखदून हसत होती. प्रयोगानंतर आम्ही घरी जाईपर्यंत थोरल्याला ठाऊक होते की नव्हते यावर वाद घालत होतो. ती अजूनही नव्हते असेच म्हणते. हे नाटक आणखी कोणी दोनदा पाहिले असेल, तर त्या मानेविषयी जरूर लिहावे.