ऑनलाइन इलेक्ट्रॉनिक्स घेताना कोणी टोपी घातली आहे का?

काल खण आवरताना तो मेला पेनड्राइव्ह हाती लागला आणि राग परत उफाळून आला. पाकिटावर २ टीबी, कॉम्प्युटरही २ टीबीच दाखवायचा. लेक लहान असतानाचे सगळे व्हिडिओ त्यात टाकले. नंतर बघते तर फायलींची नावं जागच्या जागी, आत काही नाही. भाच्याने उलगडा केला: आतली चिप ३२ जीबीची, कंट्रोलरमध्ये (ड्राइव्ह चालवणारी दुसरी चिप) खोटा आकडा भरलेला. जागा संपली की जुन्यावरच लिहितो नाहीतर सरळ सोडून देतो, आणि तक्रारही करत नाही. दुकानदाराचं उत्तर एकच, "फॉरमॅट करून बघा". मग वेबसाइटच गायब!
तुमचेही अनुभव लिहा, मन तरी मोकळं होईल.

गोगलगाय
एच२टेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्रॅम आहे विंडोजसाठी, खरी जागा तपासायला. फुकट आहे. ड्राइव्ह पूर्ण भरतं आणि परत वाचून बघतं. वेळ खातं, रात्री लावून झोपायचं. मॅक, लिनक्सवाल्यांना एफ३.

खटपट्या
पॉवर बँक. उघडली तर एक छोटा सेल आणि वजनाला वाळूची पुडी. पुडी हलू नये म्हणून दोन्हीकडून चिकटपट्टी, कडा कापून नीट बसवलेली. एवढ्या कष्टात खरी बनवून झाली असती.

चिंगी
वाळू तरी ओरिजिनल होती का 😂

निवांत
कॅमेऱ्याचं नाव काढू नका. भाव सगळ्यांपेक्षा कमी. ऑर्डर दिल्यावर फोन, "साहेब, यात बॅटरी-चार्जर नाही, वेगळे घ्या." अहो, कंपनीच्या खोक्यात ते असतातच! नाही म्हटलं तर लगेच स्टॉक संपला, आणि पैसे द्यायचं नाव नाही. कार्डाने भरले होते म्हणून बँकेत चार्जबॅक (कार्डाचे पैसे परत मागायचा अर्ज) टाकला. मिळाले, पण जाहिरातीचा स्क्रीनशॉट, मेल, सगळं मागितलं.

चिंगी
निवांतदादा, खात्यातून ट्रान्सफर केले असते तर?

निवांत
मग अवघड. म्हणून तर हे लोक "ट्रान्सफर केल्यास जादा सूट" देतात.

आळशीराम
माझ्या १ टीबी हार्डडिस्कमध्ये ९३१ जीबीच दिसतात. मलाही गंडवलं वाटतं.

गोगलगाय
नाही हो. कंपनी १०००ने मोजते, विंडोज १०२४ने. तुमची डिस्क सज्जन आहे.

सायली_७
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. "नवीन" फोन. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर वॉरंटी आधीच सुरू झालेली. गॅलरीत कोणाच्या तरी मांजराचा फोटो!

चिंगी
कसं होतं मांजर?

सायली_७
पांढरं. एक डोळा निळा. जाम गोड. फोन परत केला, पैसे अजून "प्रोसेसमध्ये".

खटपट्या
पैसे अडकले म्हणून कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका कोणी. ओळखीतल्या काकांनी शोधला, त्या माणसाने स्क्रीन शेअर करायला लावली आणि राहिलेलंही नेलं. एकदा ठकलेल्याला परत गाठतात हे.

आळशीराम
अरेरे. काकांना मिळाले का काही?

खटपट्या
नाही.

मधलीसुट्टी
सगळं वाचलं नाही, सॉरी. टॉर्चसाठी १८६५० आकाराचा चार्जिंगचा सेल बघतोय, क्षमता ९९०० एमएएच, एकदम स्वस्त. घेऊ का?

गोगलगाय
मुळीच नको. त्या आकाराचा चांगल्यातला चांगला सेलही ३५००-४०००च्या पुढे जात नाही.

मधलीसुट्टी
आत्ताच ऑर्डर केला 🙈