दुपारनंतर आयपी १६९.२५४ का दाखवतो?

प्रश्न: माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सकाळी सगळं सुरळीत, पण चारनंतर बिलिंगचा कॉम्प्युटर चालू केला की नेट नाही. आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १६९.२५४.३१.८ दिसतो. केबल बदलून झाली. गिऱ्हाइकांचे मोबाइल मात्र वायफायवर मजेत!

खडूस तंत्रज्ञ: म्हणजे कॉम्प्युटरने पत्त्यासाठी हाक मारली, कुणी ओ दिली नाही, म्हणून त्याने स्वतःच एक लावून घेतला. राउटरमध्ये डीएचसीपीची, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीची, रेंज किती?

प्रश्नकर्ता: १०० ते १४९. लीज, म्हणजे दिलेला पत्ता एकाच्याच नावावर राहण्याची मुदत, २४ तास.

खडूस तंत्रज्ञ: तिथेच घोळ! पत्ते ५०, आणि दोन पानं प्रिंट काढून गेलेल्या पोराच्या फोननेही दिवसभर एक अडवलाय. लीज तासाभराची करा. बिलिंगच्या मशीनचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) टाकून एक आयपी राखून ठेवा.

प्रश्नकर्ता: केलं, पत्ता आला. भिंतीवर चिकटवलेला वायफायचा पासवर्डही काढला.