लटका, लुटुपुटूचा, खोटा खोटा

'लटका राग' आणि 'खोटा राग' यांत फरक काय? माझ्या मते फरक मोठा आहे, आणि समोरच्याला काय ठाऊक आहे यावर तो ठरतो. खोटा राग समोरच्याला खरा वाटावा म्हणूनच दाखवलेला असतो. लटका राग लटका आहे हे दोघांनाही कळलेलं असतं. नात लाडवांचा डबा पळवते, आजी 'थांब, बघतेच तुला' म्हणत डोळे वटारते आणि नात हसत पळते. नात खरंच घाबरली, तर तो राग लटका उरला नाही.

शब्द मुळात इतका लाडिक नव्हे. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठात 'लटिका व्यवहार सर्व हा संसार' असं येतं, तिथे अर्थ सरळ 'मिथ्या' असा आहे. आज 'लटका साक्षीदार' कोणी म्हणत नाही. राग, रुसवा, तक्रार अशा मोजक्या शब्दांशीच त्याची जोडी उरली आहे. शिवाय क्रियाविशेषण म्हणून 'लटकेच': 'ती लटकेच रागावली.' 'लटका आनंद' मात्र कानाला खटकतं.

'लुटुपुटू'ला चा-ची-चे जोडावंच लागतं. काही जण 'लुटुपुटीची' लिहितात, तेही रूढ आहे. इथे भर भावनेवर नाही. हार-जीत धरायची नाही, एवढंच ठरलेलं असतं. म्हणून राजकीय बातम्यांतली 'लुटुपुटूची लढाई' मला पटत नाही. आतून संगनमत आणि बघणाऱ्यांची फसवणूक असेल, तर त्याला 'नुरा कुस्ती' हा नेमका शब्द आहे. लुटुपुटूच्या लढाईत कोणीच फसत नाही. 'ढोंग' आणि 'लुटुपुटू' यांतली ही सीमा पुसू नये असं मनापासून वाटतं.

मुलांची भाषा याबाबत फार चोख असते. 'तो खोटं रडतोय' हा आरोप झाला. 'तो खोटं खोटं रडतोय' हा खेळ. भातुकलीतलं जेवण नेहमी 'खोटं खोटं'च असतं, नुसतं 'खोटं' कधीच नाही. द्विरुक्तीने शब्दातला दोषच निघून जातो.

याच घरातला आणखी एक शब्द म्हणजे 'लिंबूटिंबू'. लपाछपीत धाकट्या भावंडाला घ्यायचं, पण ते सापडलं तरी त्याच्यावर राज्य नाही! कुठे त्याला 'कच्चा लिंबू' म्हणतात. तुमच्याकडे अशा गड्याला काय म्हणतात?