रायटर आणि जादा वेळ: सवलत की हक्क?

निळीशाई: परवा एका अंध ताईची रायटर, म्हणजे लेखनिक म्हणून परीक्षेला बसले होते, ती टीवाय बीए, मी एफवाय. तीन तासांचा पेपर, तासाला वीस मिनिटं जादा म्हणजे तिला एकूण चार तास. बाहेर आल्यावर एकजण म्हणाला, मजाय, एक तास फुकट! अरे फुकट कसला, प्रश्न दोनदा वाचून दाखवायचा, ती सांगणार मी लिहिणार, मधेच ती म्हणणार मघाचा तिसरा मुद्दा परत वाच गं, त्यात माझं अक्षर कोंबडीचे पाय. शेवटचा प्रश्न अर्धा राहिलाच.

बाकावरचाबंड्या: भावना समजल्या. पण मी पर्यवेक्षक असतो, दुसरी बाजू पण बघितलीये. परीक्षार्थी गप्प बसलेला आणि रायटर आपला धडाधड लिहितोय. स्वतःचा रायटर आणला तर तो परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा असा नियम आहे, तपासतं कोण? ज्यांना खरंच गरज नाही तेही अपंगत्वाचं सर्टिफिकेट घेऊन येतात.

हातकोरा: बंड्याशेठ, 'खरंच गरज' कोण ठरवणार, तुम्ही? माझे हात बघून कुणी म्हणणार नाही काही झालंय, पण दहा ओळी लिहिल्या की बोटं आखडतात, पेन सुटतं. रायटर्स क्रॅम्प. किमान ४० टक्के अपंगत्वाच्या सर्टिफिकेटात हे बसत नाही म्हणून यूपीएससीने एका उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये जिंकला. ४० टक्क्यांची अट रायटरसाठी लावता येणार नाही असं कोर्टाने सांगितलंय.

बाकावरचाबंड्या: कोर्टाचं मान्य. पण मग दारं सताड उघडी की! उद्या प्रत्येकजण हात दुखतो म्हणेल.

हातकोरा: डॉक्टरचा कागद लागतोच हो. आणि रायटर शोधणं म्हणजे काय ते एकदा करून बघा, परीक्षेच्या आदल्या रात्री अकराला तो 'सॉरी दादा गावाला चाललोय' म्हणतो.

अर्धीनजर: तुम्ही सगळे परीक्षेवरच अडकलात. वर्षातले ते पंधरा दिवस, बाकीच्या वर्षाचं काय? माझी नजर अधू आहे, स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर शिकते. ग्रुपवर नोट्स येतात त्या पुस्तकाच्या पानांचे तिरके फोटो, त्याची पीडीएफ. स्क्रीन रीडरला ती कोरी पानं. कुणी टाइप केलेल्या पाठवल्या तर त्या युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये, मग मशीन 'डॉलर ब्रॅकेट क्यू' असलं काहीबाही वाचत सुटतं, आम्ही हॉस्टेलवर हसून घेतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आम्हाला अ‍ॅडमिशनला ५ टक्के जागा दिल्या, त्यावर आत आले. आत आल्यावर वाचू काय?

निळीशाई: हे माहीतच नव्हतं. आमच्या ग्रुपवर ते तिरके फोटो मीच टाकते 🙈

अर्धीनजर: बंड्यासर, पर्यवेक्षक म्हणजे शिकवतही असाल. तुमच्या नोट्स कुठल्या फॉन्टमध्ये आहेत?

बाकावरचाबंड्या: ...जुन्याच. अकरा वर्षांच्या आहेत. आता त्या बदलायला मला कोण जादा वेळ देणार?