बाथरूमचं दार आणि कडी

वयस्कर माणसं बाथरूममध्ये पडू नयेत म्हणून काय करावं, या चर्चेत ग्रॅब बार (धरायला भिंतीवर बसवलेला दांडा) आणि खरखरीत फरशीचा मुद्दा आलाच आहे, तो शंभर टक्के पटला. फक्त बार विटांच्या भिंतीत नीट ड्रिल करून बसवा. टॉवेलचा रॉड तोल गेलेल्या माणसाचं वजन पेलत नाही.

पण बाथरूमच्या दाराबद्दल कुणीच लिहिलं नाही. आमचं दार आत उघडणारं होतं. दोन वर्षांपूर्वी आई आत पडली ती नेमकी दाराला टेकूनच. कडी आतून लावलेली. शेजारच्या काकांनी कडी उचकटली, तरी दार ढकललं की तिच्याच कमरेला लागायचं. ती वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. नंतर सुताराकडून बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडेल असं करून घेतलं. आतली कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं लॉक बसवलं. एका दिवसाचं काम. बाहेर जागा नसेल तर सरकतं दार चालतं. आईला सुरुवातीला कडीशिवाय संकोच वाटायचा, तो समजून घ्यावा लागतो. दारावर अडकवायला "आत आहे" अशी पाटी करून दिली, मग ती निश्चिंत झाली.